कॉलेज फुटबॉलचा माहोल बघायचाय? लाखाचं स्टेडियम की दोन हजारांचं मैदान

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या मराठी घरांत हा विषय निघतोच, यंदा एकदा तरी कॉलेज फुटबॉलची मॅच बघून येऊ, आईबाबा पण पुण्याहून आलेत, त्यांनाही इथलं काहीतरी दाखवू. मग कुठली बघायची म्हटलं की सगळे मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट हीच नावं घेतात, कारण टीव्हीवर तीच दिसतात. माझं मत जरा वेगळं आहे. फुटबॉल कळो न कळो, तुम्हाला माहोल हवाय ना, मग आधी छोट्या कॉलेजची मॅच बघा. पण कुठलीही नाही आणि कुठल्याही शनिवारी नाही, सगळी गोम तिथेच आहे.

छोटं म्हणजे मी मुख्यतः डिव्हिजन थ्री म्हणतोय, कॉलेज खेळांतली तिसरी पातळी. इथे खेळाच्या नावावर स्कॉलरशिप द्यायची नाही असा नियमच आहे, म्हणजे पोरं अभ्यास सांभाळून, स्वतःच्या हौसेनं खेळतात आणि सोमवारी सकाळी लॅबमध्ये हजर असतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांची कॉलेजं यातच मोडतात आणि त्यांना पत्ताच नसतो. एमआयटी, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, केस वेस्टर्न, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, आरपीआय, सगळ्यांच्या फुटबॉल टीम आहेत. एमएस करून गेलेली माणसं विचारतात, आमच्या कॉलेजला टीम होती?? होती की, तुम्ही शनिवारी लायब्ररीत होता.

खर्च आणि दगदग

हे पटकन संपवतो कारण इथे तुलनाच नाही. मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१, पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियमचीही लाखाच्या वर. एवढी माणसं एकाच दिवशी एका गावात उतरली की हॉटेलवाले दोन रात्रींशिवाय खोली देत नाहीत, पार्किंगचे वेगळे पैसे, तिकीट रिसेलवर, आणि मॅच जरा मोठी असेल तर चौघांचं बजेट हजार डॉलरच्या पुढे सहज जातं. बॅग पारदर्शक पाहिजे, बाहेरचं खाणं आत नाही. सुटल्यावर गाडी हलायला तास-दीड तास.

छोट्या कॉलेजात बऱ्याच ठिकाणी साध्या मॅचला तिकीटच नसतं, असलं तर दहा-पंधरा डॉलर. मॅच बहुतेक शनिवारी दुपारी एकच्या सुमारास, म्हणजे सकाळी आरामात निघायचं, मैदानापासून दोन मिनिटांवर गाडी लावायची आणि संध्याकाळी घरी जेवायला परत. टीव्हीच्या जाहिरातींसाठी खेळ थांबवायची भानगड नसते, त्यामुळे मॅचही लवकर आटपते. मोठ्या मॅचला जाहिराती लागल्या की एक लाल टोपीवाला माणूस मैदानात येऊन उभा राहतो आणि तो बाहेर जाईपर्यंत सगळे नुसते उभे, टीव्हीवर बघताना हे जाणवत नाही, पण प्रत्यक्षात साडेतीन तास थंडीत बसल्यावर चांगलंच जाणवतं.

आता खरा मुद्दा, माहोल

मोठ्या स्टेडियमचा माहोल खोटा आहे असं मी म्हणणार नाही. लाखभर माणूस एकदम ओरडतो तेव्हा पायाखालचं लोखंड हलतं, ते दुसरीकडे कुठेच मिळत नाही. ओहायो स्टेटचा बँड मैदानावर चालत चालत ओहायो हे नाव इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि शेवटी सूझाफोनवाला (अंगाभोवती गुंडाळलेलं मोठं पितळी वाद्य) त्यातल्या आयवरचा टिंब व्हायला ऐटीत चालत जातो, ते बघून बँडशी काही देणंघेणं नसलेली माणसंही उठून टाळ्या वाजवतात. पण तुम्ही तिथे प्रेक्षक असता. फार तर रंगीत टीशर्ट घातलेला एक ठिपका. शेजारचा तीस वर्षं सीझन तिकीट घेणारा असतो, तो तुमच्याशी दोन शब्द बोलेल आणि मग मॅचमध्ये बुडून जाईल.

छोट्या कॉलेजच्या खुन्नसवाल्या मॅचला तुम्ही आत असता. पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात बसलेला माणूस मी काय म्हणतो ते लगेच ओळखेल, हॉल केवढा, माणसं किती, पण "अरे आवाज कुणाचा" सुरू झालं की आपण कुठल्या कॉलेजचे नसलो तरी घसा बसेपर्यंत ओरडतो. इथे तसंच. प्रत्येकाचा कुणीतरी मैदानात आहे, कुणाचा रूममेट, कुणाचा भाऊ, कुणाच्या केमिस्ट्रीच्या वर्गातला पोरगा, आणि प्रोफेसर कुत्रा घेऊन आलेले. हेल्मेटवर हेल्मेट आपटल्याचा आवाज ऐकू येतो, कोचच्या शिव्याही (मुलं बरोबर असतील तर हा तोटा धरा). मॅच संपल्यावर बऱ्याच ठिकाणी सरळ मैदानात उतरता येतं, लहान पोरं तर मध्यंतरापासूनच गोलपोस्टच्या मागच्या गवतावर आपली वेगळी मॅच खेळत असतात.

पण हे सगळं कधी? तर खुन्नस असेल तेव्हा किंवा होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थी कॉलेजात परत येतात त्या शनिवारी. एरवी सप्टेंबरातल्या एखाद्या साध्या शनिवारी गेलात तर हजार-दोन हजार माणसं, कधी त्याहून कमी, अर्धे खेळाडूंचे आईवडील, बँड असला तर असला, आणि तुम्ही म्हणाल ह्याने आम्हाला कुठे पाठवलं. कार्नेगी मेलनचं मैदान कॅम्पसच्या मधोमध आहे, त्यांचा बँड स्कॉटिश किल्ट घालून वाजवतो, ते गोड वाटतं, एमआयटीच्या पोरांकडे त्रिकोणमिती आणि पायचे दशांश घातलेली घोषणा आहे, तीही मजेची. पण तुम्ही तिथले नसाल तर एवढ्यासाठी चार तास गाडी चालवून जाऊ नका. गावातच राहत असाल तर जरूर जा, फुकट दुपार आहे.

शिकागोबद्दल एक सांगायचा मोह आवरत नाही. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पहिला हाइझमन पुरस्कार १९३५ साली ह्याच युनिव्हर्सिटीच्या जे बरवँगरला मिळाला, चार वर्षांनी युनिव्हर्सिटीने फुटबॉलच बंद करून टाकला, आणि मग १९४२ च्या डिसेंबरात त्याच रिकाम्या स्टॅग फील्डच्या प्रेक्षागॅलरीखाली जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया झाली. पुढे फुटबॉल परत आला, आता नवीन जागी त्याच नावाचं मैदान आहे, तिथे जाऊन ह्या इतिहासाची मजा येते. माहोल मात्र बेताचाच.

मग कुठल्या मॅच?

वॉबॅश आणि डिपॉ, इंडियाना. माझ्या मते माहोलासाठी ही सगळ्यात भारी. १८९० पासून एकमेकांशी खेळतायत, १९३२ पासून ट्रॉफी म्हणजे मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची साधारण तीनशे पौंडांची घंटा, आणि ती घंटा एकमेकांच्या कॅम्पसमधून पळवायचे उद्योग पोरांनी इतक्यांदा केलेत की तो एक वेगळाच खेळ झालाय. वॉबॅश अजूनही फक्त मुलांचं कॉलेज आहे, त्यामुळे त्यांच्या बाजूचा आवाज कसा असतो ह्याची कल्पना करा. नोव्हेंबरच्या मध्यात असते, इंडियानापोलिसपासून तासाभराच्या अंतरावर, शिकागोवाल्यांनाही एका दिवसात जमू शकतं. ह्या मॅचला मात्र तिकीट आधी काढावं लागतं, तिथे जाऊन बघू हा आपला स्वभाव चालत नाही.

विल्यम्स आणि अ‍ॅमहर्स्ट, मॅसॅच्युसेट्स. १८८४ पासून. इथे ओरडा कमी आणि देखावा जास्त, म्हणजे बर्कशायरचे डोंगर, जुनी मंडळी ट्वीडचे कोट घालून गाडीच्या डिकीत चीज मांडून बसलेली. होमकमिंग जिंकली की विल्यम्सची टीम युनिफॉर्मसकट स्प्रिंग स्ट्रीटवरून चालत न्हाव्याच्या दुकानापर्यंत जाते आणि तिथे नवख्या पोरांच्या डोक्यांवर काय वाटेल ते प्रयोग होतात. २००७ मध्ये ईएसपीएनचा गेमडे हा कार्यक्रम मोठमोठी स्टेडियमं सोडून ह्या मॅचसाठी विल्यम्सटाऊनला आला होता. बॉस्टनवाल्यांनो, तसे तीन तास लागतात, पण पानगळ अजून शिल्लक असली तर तो रस्ताच अर्धी ट्रिप वसूल करतो (नोव्हेंबरात बहुतेक नसते, ते आधीच सांगतो).

इथाका आणि कॉर्टलंड, न्यूयॉर्क, कॉर्टाका जग म्हणतात तिला (जग म्हणजे सुरई, तीच ट्रॉफी). ही मॅच गावात असते तेव्हा वेगळी आणि मोठ्या स्टेडियमात नेतात तेव्हा वेगळी. २०१९ साली न्यू जर्सीच्या मेटलाइफमध्ये खेळवली तर ४५,१६१ लोक आले, डिव्हिजन थ्रीचा विक्रम. पोरं जाम पितात, त्यामुळे आईबाबांना घेऊन नको, तुम्ही पंचविशीत असाल तर खुशाल.

सेंट जॉन्स, मिनेसोटा. झाडीत लपलेलं मैदान, कॅथलिक भिक्षूंचं कॉलेज. जॉन गालियार्डी नावाच्या कोचने इथे २०१२ पर्यंत काम केलं आणि कारकिर्दीत ४८९ मॅच जिंकल्या, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढ्या कुणीच नाही, तेही सरावात टॅकलिंग न करता, आणि खेळाडूंनी कोच न म्हणता नुसतं जॉन म्हणायचं. सेंट थॉमसशी त्यांची जी जुनी खुन्नस होती ती सेंट थॉमस २०२१ मध्ये डिव्हिजन वनला गेल्यामुळे संपली, त्यामुळे आता एका ठराविक मॅचसाठी नाही तर त्या जागेसाठी जायचं.

लाख आणि हजारच्या मधलं काहीतरी हवं असेल तर

न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी (म्हणजे निम्म्या मराठी मंडळींनी) लीहाय विरुद्ध लाफायेट बघावी. ह्या दोघांत जितक्या मॅच झाल्यात तितक्या देशात कुठल्याच दोन कॉलेजांत झालेल्या नाहीत, २०१४ मध्ये १५० वी झाली ती यांकी स्टेडियमवर. एक वर्ष बेथलेहेमला, एक वर्ष ईस्टनला, दोन्ही पेनसिल्व्हेनियात आणि गावं इतकी जवळ की खुन्नस घरगुती वाटते. ईस्टन तर डेलावेअर नदी ओलांडली की लगेच. ही डिव्हिजन थ्री नाही, डिव्हिजन वनमधली पण मोठ्या टीमांच्या एक पायरी खालची आहे, दहा-पंधरा हजारांचं मैदान भरतं, बँड व्यवस्थित असतो, म्हणजे मोठ्या मॅचचा थाट थोडा मिळतो आणि घरी रात्री आठला पोचता येतं. पहिल्यांदाच जाणाऱ्या कुटुंबाला मी डोळे झाकून हीच सांगेन.

आणि संगीत आवडत असेल, ढोलताशा ऐकून अंगात येत असेल, तर अटलांटा किंवा लुइझियानाकडच्या लोकांनी कृष्णवर्णीय कॉलेजांची मॅच सोडू नये. मोरहाउस, सदर्न, ग्रॅम्बलिंग, जॅक्सन स्टेट. इतरत्र मध्यंतरात लोक नाचोच्या रांगेत पळतात, इथे मध्यंतरात कुणी जागा सोडत नाही, कारण खरी लढत बँडची असते आणि मॅच संपल्यावरही दोन्ही बँड समोरासमोर वाजवत राहतात. फुटबॉलचा एकही नियम माहीत नसलेल्या माणसासाठी याहून चांगली मॅच नाही.

आईबाबा, पोरं आणि पोटोबा

ज्येष्ठांच्या गुडघ्यांना मोठी स्टेडियमं झेपत नाहीत, पायऱ्या फार, पाठ टेकायला काही नाही, बाथरूमला जाऊन येईपर्यंत एक क्वार्टर संपतो. छोट्या मैदानावर पंधरा-वीस ओळींची गॅलरी, आणि बऱ्याच ठिकाणी कुंपणाशी घडीची खुर्ची टाकून बसलं तरी चालतं. उलट बाजू अशी की रिप्ले दाखवणारा मोठा स्क्रीन नसतो किंवा अगदीच लहान असतो, त्यामुळे काय झालं हेच नवख्याला कळत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, टचडाऊनला सहा, फील्ड गोलला तीन, एवढं गाडीतच सांगून ठेवा आणि एखाद्या खेळाडूच्या आईशेजारी बसा, ती न विचारता सगळं समजावते आणि वर कुकीज देते.

शाकाहारी असाल तर दोन्हीकडे पॉपकॉर्न, प्रेट्झेल आणि पिवळ्या चीजचे नाचो, बस. फरक एवढाच की छोट्या मैदानाजवळ गाडी उभी असते, त्यामुळे वडापाव आणि थर्मासमधला चहा डिकीत ठेवून मस्त टेलगेट होतं. चटणी जास्त न्या, शेजारचे मागतात. नोव्हेंबरात अ‍ॅल्युमिनियमच्या बाकावर बसायला उशी किंवा जाड चादर पाहिजेच, नुसत्या जॅकेटने भागत नाही.

तरीसुद्धा लाखाचं स्टेडियम एकदा बघायचंच असेल, आणि ती इच्छा चुकीची नाही, तर ओहायो-मिशिगनच्या नादी न लागता सप्टेंबरातली दुबळ्या टीमविरुद्धची मॅच पकडा. तिकीट उतरतं, हवा छान असते, बँड तोच, गर्दी जवळपास तेवढीच. तिसऱ्या क्वार्टरला स्कोर इतका एकतर्फी होतो की लोक निघायला लागतात, त्यांच्याबरोबर तुम्हीही निघा, पार्किंगमधून लवकर सुटाल. मग नोव्हेंबरचा एक शनिवार छोट्या कॉलेजसाठी ठेवा. फक्त कॅलेंडरवर दिवाळी फराळाचा कार्यक्रम कधी आहे ते आधी बघा, मंडळाचा हॉल नेमका त्याच शनिवारी बुक असतो आणि घरात त्या मॅचचा निकाल आधीच लागलेला असतो.