नवरात्रात दौड की व्याख्यान?

राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा व्हीटीयूत (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठात) शिकायला आलेली मुलं सणासुदीला हमखास विचारतात, बेळगावात पाहायचं काय? माझ्या मते दोन गोष्टी: पहाटेची दुर्गामाता दौड आणि संध्याकाळचं व्याख्यान.

दौडीला घटस्थापनेपासून सुरुवात होते. पांढरे कपडे, डोक्याला भगवा फेटा, पुढे ध्वज. गल्लीगल्लीत दारासमोर रांगोळ्या, ध्वजाला ओवाळायला ताट घेऊन उभ्या बायका. फुलं उधळली जातात, गारठा असला तरी अंगात ऊब येते. इथं ओळख लागत नाही, आमंत्रण लागत नाही. रोज वेगळा भाग, त्यामुळे दसऱ्यापर्यंत नव्या माणसाला अर्धं शहर पायाखालून जातं. पहाटे उठता आलं पाहिजे, एवढंच.

व्याख्यानाला मात्र थोडी तयारी हवी. १८४८ साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या व्याख्यानमालेला समाजवादी नेते, खासदार बॅ. नाथ पै यांचं नाव आहे. त्यांनी १८ जानेवारी १९७१ रोजी याच गावात देह ठेवला. १९४६ चं साहित्य संमेलनही बेळगावातच भरलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथलाच. सीमाभागात मराठी ऐकायला लोक आजही का जमतात, ते अशा सभागृहात बसल्यावर कळतं. तरुण कमी दिसतात, याचं वाईट वाटतं.

एकच जमणार असेल तर पहिल्या वर्षी दौड धरा. दुसऱ्या वर्षापासून व्याख्यान चुकवू नका, आणि सोबत एखादा कानडी मित्रही न्या.