तीन लाखांचं कव्हर आणि रूम भाड्याची ओळ: कंपनीच्या मेडिक्लेमचा अनुभव

आमच्या कंपनीत कुणालाही विचारा, मेडिक्लेम किती? "तीन लाख" हे उत्तर लगेच मिळतं. रूम भाड्याची मर्यादा किती, असं विचारलं की समोरचा गप्प होतो. तीन लाख हा आकडा दुय्यम आहे आणि रूमची ओळ मुख्य आहे, हे मी आता छातीठोकपणे सांगतो. मे महिन्यात मायच्या ऑपरेशनला त्या एका ओळीने आमच्या खिशातून किती पैसे काढले, ते आकड्यांसकट लिहितोय.

मी जळगाव एमआयडीसीत एका चटई कारखान्यात अकाउंट्सला आहे. पगार 21,000 च्या वर गेला तसा ईएसआयसीतून, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेतून, बाहेर पडलो आणि या ग्रुप पॉलिसीत आलो. मी, बायको, मुलगा आणि माय-नाना (आई-वडील), पाच जणांत मिळून तीन लाख. आमचा तिघांचा हप्ता कंपनी भरते, माय-नानांचा माझ्या पगारातून कापला जातो. त्यांच्या क्लेमवर 20 टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला तेवढा वाटा आपण भरायचा. ग्रुप पॉलिसी म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एकत्र घेतलेला विमा; बाकीच्या अटी सांगत बसत नाही.

सुरुवातीचा अनुभव फार चांगला होता. 2024 च्या पावसाळ्यात मुलाला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरत चालल्या होत्या, रात्रीच ॲडमिट करावं लागलं. मोबाइलमधलं ई-कार्ड आणि आधार दाखवलं, डिपॉझिट कुणी मागितलं नाही, मंजुरीचा मेसेज तासाभरात आला. विमा नियामकाने त्याच वर्षी नियम केला होता: कॅशलेसची (विमा कंपनी थेट हॉस्पिटलला पैसे देते ती सोय) पहिली मंजुरी एका तासात, डिस्चार्जची तीन तासांत, आणि उशिरामुळे हॉस्पिटलने जास्तीचं बिल लावलं तर ते विमा कंपनीने सोसायचं. डिस्चार्जच्या दिवशी दुपारच्या जेवणाला आम्ही घरी होतो. हातमोजे, ॲडमिशन किट, फाइल चार्ज असं किरकोळ तेवढं भरलं. त्या वेळी मी कारखान्यात सगळ्यांना सांगत होतो की पॉलिसी एक नंबर आहे. मुलाला मिळालेला बेड ट्विन शेअरिंगचा (दोन पेशंटच्या रूममधला) होता आणि भाडं मर्यादेच्या आत होतं, म्हणून रूमच्या ओळीचा संबंधच आला नाही.

मग मायच्या पित्ताशयात खडे निघाले.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. सोनोग्राफी चोपड्यालाच केली, तिथल्याच डॉक्टरांनी ऑपरेशन करावं अशी मायची इच्छा होती. पण आमच्या टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीने क्लेमचं काम बघणारी संस्था) यादीत गावाजवळचं एकही हॉस्पिटल नाही. 2024 पासून यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मिळू शकतं, ठरलेल्या ऑपरेशनसाठी 48 तास आधी कळवायचं असतं. मात्र त्याला हॉस्पिटलही राजी लागतं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "पैसे कधी येतील याचा भरवसा नाही, तुम्ही भरा आणि नंतर क्लेम करा." एवढी रक्कम एकदम हातात नव्हती. शेवटी जळगाव गाठलं.

इथे एक गोष्ट मनापासून सांगतो. मायला कित्येक वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे. या पॉलिसीत घेताना तिची एकही तपासणी झाली नाही, आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून कव्हर. बाहेर तिच्या वयाला स्वतंत्र पॉलिसी घ्यायची तर हप्ता ऐकूनच आपण मागे फिरतो, शिवाय जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला, तरी आमच्यासारख्याला तो हप्ता जडच आहे. म्हणून कितीही चिडलो तरी माय-नानांचं नाव मी या पॉलिसीतून काढणार नाही.

आता रूम. पॉलिसीत लिहिलंय, रूम भाडं रोज विमा रकमेच्या एक टक्का. तीन लाखांचा एक टक्का म्हणजे 3,000. आयसीयूला दोन टक्के. ॲडमिट व्हायच्या दिवशी ट्विन शेअरिंग भरलेलं, रिकामी होती ती फक्त 4,500 ची सिंगल एसी. मेडिक्लेम डेस्कवर मी मुद्दाम विचारलं की मर्यादा 3,000 ची आहे, पुढे काही अडचण येईल का. उत्तर मिळालं, "काही टेन्शन घेऊ नका भाऊ, वरचे दीड हजार रोजचे तेवढे तुम्ही भरा."

हे धादांत चुकीचं आहे, आणि रोज कुठल्या ना कुठल्या काउंटरवर हेच सांगितलं जात असणार. मर्यादेवरची रूम घेतली की भाड्यातला फरक तर तुमचाच, पण त्याच प्रमाणात बाकीच्या बिलालाही कात्री लागते. 4,500 मधले 3,000 मंजूर म्हणजे दोन तृतीयांश. मग सर्जनची फी, भूलतज्ज्ञ, ओटी (ऑपरेशन थिएटर), व्हिजिट, सगळं दोन तृतीयांशच धरायचं. प्रपोर्शनेट डिडक्शन म्हणतात ते हेच.

मायचं बिल असं होतं. रूम तीन दिवसांचे 13,500. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिट मिळून 42,000. औषधं 18,000. तपासण्या 9,000. विम्यात न बसणारं सामान आणि चार्जेस 3,500. एकूण 86,000. मंजूर झाले 44,000.

फायनल अप्रूव्हलचं पत्र हातात घेऊन मी बिलिंगच्या खिडकीशी उभा होतो. वर माय पिशवी भरून तयार बसलेली, दर दहा मिनिटांनी फोन, "माले घर ली चाल." तीन लाखांच्या पॉलिसीत 86,000 च्या बिलाचे 42,000 आपण का भरायचे, हे त्या खिडकीवर कुणालाच सांगता येईना. नानांनी केळीच्या पट्टीचे पैसे आणून ठेवले होते, ते तिथे गेले.

घरी येऊन पत्र ओळ न् ओळ वाचलं. रूमचे 9,000 धरले होते, ते बरोबर. सर्जन, भूल, ओटी, व्हिजिटच्या 42,000 चे 28,000 केले होते. पण औषधांच्या 18,000 चे 12,000 आणि तपासण्यांच्या 9,000 चे 6,000 केले होते. बेरीज 55,000, त्यातून 20 टक्के को-पे वजा, राहिले 44,000. आता मला सांगा, सिंगल रूममध्ये झोपल्याने सलाइनची बाटली महाग होते का? सीबीसीचा रिपोर्ट महाग होतो का? औषधं त्याच मेडिकलमधून छापील किमतीला आली होती.

एचआरकडे पॉलिसीचा एक पानी सारांशच होता. पूर्ण मजकूर मागवायला लावला. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की औषधं, कन्झ्युमेबल्स (वापरून टाकायचं सामान), इम्प्लांट आणि तपासण्या यांना ही प्रमाणातली कपात लावायची नाही. आयसीयूच्या चार्जेसनाही नाही. पुढे आणखी एक वाक्य आहे: जे हॉस्पिटल रूमप्रमाणे वेगवेगळे दर लावत नाही, तिथे ही कपात लावताच येत नाही. विमा नियामकाने 2020 सालीच हे ठरवून दिलंय. म्हणजे नियम आपल्या बाजूचा आहे, आणि तो पाळला गेला नाही.

टीपीएच्या कस्टमर केअरला फोन करण्यात वेळ घालवू नका. "क्लेम सेटल झाला आहे" याच्यापुढे ते जात नाहीत. आमच्या कंपनीला पॉलिसी काढून देणाऱ्या ब्रोकरकडची एक मुलगी खरंच कामाची निघाली. तिने समजावलं की टीपीए फक्त कागद हलवतो, जबाबदारी विमा कंपनीची, तक्रार विमा कंपनीच्याच ग्रिव्हन्स सेलला (तक्रार विभागाला) लेखी करा. मी मेलमध्ये पॉलिसीचं ते कलम, बिलाची फोड आणि माझा हिशोब टाकला. जास्त काही लिहिलं नाही.

ऑगस्टमध्ये 7,200 जमा झाले. औषधं आणि तपासण्यांचे कापलेले 9,000, त्यातून को-पे वजा, बरोबर तेवढेच. सोबत दिलगिरीची एक ओळही नव्हती. ज्यांनी पत्र वाचलंच नाही, त्यांचे असे किती पैसे तिकडेच राहिले असतील, या विचाराने मला अजून संताप येतो.

राहिला प्रश्न सर्जन, भूल, ओटी, व्हिजिटच्या 42,000 वरच्या कपातीचा. हॉस्पिटलांनी दरपत्रक लावणं महाराष्ट्रात 2021 पासून बंधनकारक आहे. मायच्या फॉलोअपला गेलो तेव्हा रिसेप्शनच्या भिंतीवरचा तो बोर्ड नीट वाचला. बेडचे दर प्रकारानुसार वेगळे, पण व्हिजिट, ओटी आणि भूल यांच्यापुढे एकेकच आकडा. फोटो काढला. तेवढ्याने भागत नाही, हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लिहून पाहिजे. बिलिंगवाले आज-उद्या करत राहिले, शेवटी सर्जन साहेबांना भेटलो, त्यांनी समोर बसवून पत्र करून दिलं: ऑपरेशनचे चार्जेस सर्व रूमना समान. या हिशोबाने 14,000 ची कपात चुकीची, को-पे जाऊन 11,200 आमचे निघतात. विमा कंपनीने ते नाकारले. कारण दिलं, "पॉलिसीच्या अटींनुसार." कोणत्या अटीनुसार, ते नाही.

मग विमा लोकपालाकडे अर्ज केला. जळगाव जिल्हा पुणे कार्यालयाच्या हद्दीत येतो. वकील लागत नाही, फी नाही. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार हवी, महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तिथे जाता येतं, आणि नकार मिळाल्यापासून एक वर्षाची मुदत असते.

यात एक चांगली बाजूही दिसली. ॲडमिट होण्याआधीच्या 30 आणि डिस्चार्जनंतरच्या 60 दिवसांचा खर्च मिळतो. चोपड्याची सोनोग्राफी, नंतरच्या गोळ्या, ड्रेसिंग, सगळं टाकलं आणि को-पे कापून विनाकटकट आलं. फक्त प्रत्येक बिलाला डॉक्टरांची चिठ्ठी आणि पेशंटचं नाव पाहिजे. गावातला मेडिकलवाला साध्या कागदावर आकडे लिहून देतो, तो कागद चालत नाही, त्याच्याकडून छापील बिलच घ्या.

आमच्या कारखान्यातली मशीनवरची पोरं ईएसआयसीत आहेत. त्यांच्या पगाराचे 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो, रूम भाड्याची भानगड नाही, को-पे नाही. पगारवाढ झाली म्हणून त्यातला माणूस बाहेर पडतो आणि आईच्या ऑपरेशनला 42,000 भरतो, हे मला अजिबात पटत नाही. हेच मी ऑक्टोबरच्या रिन्यूअलआधी एचआर साहेबांना मायचं बिल समोर ठेवून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ब्रोकरकडून दुसरा दर मागवला, याबद्दल त्यांचे आभार मानतो.

आता नव्या पॉलिसीत एक टक्का गेला, त्याजागी "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" आलं, रकमेची अट नाही. विमा रक्कम तीन लाखच ठेवली. एचआरने विचारलं होतं की रूमची अट काढायची की रक्कम चार लाख करायची. अकाउंट्स आणि स्टोअरमधल्या आम्ही सगळ्यांनी रूम म्हटलं. को-पे तसाच आहे आणि माय-नानांचा हप्ता महिन्याला 150 रुपयांनी वाढला. ते 150 मी आनंदाने देतो.

लोकपालाकडचा अर्ज जुन्या पॉलिसीवरचा आहे, नव्या ओळीचा त्याला काही उपयोग नाही. सुनावणीची तारीख अजून यायची आहे. बोर्डाचा फोटो, सर्जन साहेबांचं पत्र आणि पॉलिसीचं ते पान मी एकाच फाइलमध्ये लावून ठेवलंय. 11,200 साठी पुण्याला जावं लागलं तरी जाईन.