होम लोन सर्व्हिस : पाचपैकी अडीच स्टार

बँकेचं नाव घेत नाही, सरकारी आहे एवढंच. लोन २०१८ चं. २०२५ मधे फेब्रुवारी ते जून रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ६.५० टक्क्यांवरून ५.५० वर आला, सगळीकडे ईएमआय कमी होणार म्हणून बोंबाबोंब, आणि माझा हप्ता आहे तिथंच ढिम्म! ब्रांचला गेलो तर काउंटरवरच्या मॅडम स्क्रीनकडे बघतच म्हणाल्या, "सर तुमचं एमसीएलआरवर आहे ना, व्याजदर रीसेट वर्षातून एकदाच."

मग कळलं की एमसीएलआर म्हणजे बँकेचा स्वतःचा किमान कर्जदर, तो बँकेला पैसा किती महाग पडतो त्यावर ठरतो, त्यात एफडीचं व्याज, सीआरआरमधे, म्हणजे रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा, बिनव्याजी अडकलेला पैसा, बँकेचा खर्च असं सगळं येतं, आणि बँकेनं नव्या एफडीचं व्याज उतरवलं नाही की रेपो उतरला तरी हा पटकन उतरत नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासूनची बँकांची फ्लोटिंग (बदलत्या व्याजाची) होम लोनं बाहेरच्या बेंचमार्कला, म्हणजे बँकेच्या हातात नसलेल्या दराला, बहुतेक रेपोलाच जोडलेली, तीन महिन्यांत एकदा तरी रीसेट होतातच. (२०२२ ला रेपो चढला तेव्हा हीच रेपोवाली मंडळी आधी पोळली, तेही खरंय.)

जुनं लोन रेपोवर बदलून घ्यायची सोय होती, थोडी फी भरून, पण इतक्या वर्षांत एक मेसेज नाही! इन्शुरन्स विकायला मात्र दर आठवड्याला फोन. रेपोच्या वर बँक जे मार्जिन लावते ते सिबिल (क्रेडिट स्कोअर) बघून ठरतं, माझं बरं होतं म्हणून घासाघीस करता आली. अर्ज, दोन चकरा, काम झालं. अडीच स्टार त्या मॅडमना.