लेकीला आपण कसं दिसतो यावरच्या मुलींच्या सेशनला नेलं होतं, 5 पैकी 4

नाशिकच्या शरणपूर रोडकडच्या एका चर्चच्या हॉलमधे शनिवारी 11 ते 1, फी 150, चहा-वडा धरून. माझी लेक 14 ची, महिनाभर रात्रीची पोळी सोडून बसलीये, मांड्या जाड दिसतात म्हणे, ओढतच नेली. मला वाटलं बायबलमधलं स्तोत्रसंहिता 139 (देवाने मला अद्भुत घडवलंय, ते) वाचून घेतील आणि पाठवतील घरी, पण सेशन घेणाऱ्या ताईंनी आधी बायबलमधलंच 1 शमुवेल 16 काढलं, म्हणाल्या शमुवेल एवढा मोठा संदेष्टा, राजा निवडायला गेला, पण तोही इशायाच्या थोरल्या मुलाची, अलियाबाची उंची बघून फसला, देवाला सांगावं लागलं की मी हृदय बघतो, मग तुमची काय कथा, पोरी हसल्या ना. नंतर आपलाच फोटो फिल्टर लावून आणि न लावता बघायचा, माझी कितीतरी वेळ नाकावर बोट ठेवून बसलेली. वयात येताना वजन वाढतंच, आणि खाणं फारच बिघडलं तर प्रार्थनेसोबत डॉक्टरपण गाठा, हे स्पष्ट सांगितलं ते बेस्ट.

एक स्टार कापला कारण चहाच्या वेळी वाढणारी बाई लेकीला "किती वाळलीस गं, दोन वडे घे" म्हणाली, दोन तास पाण्यात! आयांसाठी पण सेशन ठेवा हो, जाड-बारीक आधी आपणच बोलतो. येताना पोरीने स्वतःहून मिसळ मागितली, दोन पाव खाल्ले.