एएनआय-२एक्स: अभिक्रियेचा मार्ग शोधताना आलेला अनुभव

पुण्यातल्या पाषाणमधील आमच्या संशोधन गटात सेंद्रिय अभिक्रियांचे मार्ग शोधण्यासाठी एएनआय-२एक्स हे न्यूरल नेटवर्कचे मॉडेल मी गेले काही महिने सातत्याने वापरत आहे. डीएफटीच्या (इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून रेणूची ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम पद्धतीच्या) लक्षावधी गणनांवरून शिकलेले हे मॉडेल रेणूची ऊर्जा आणि अणूंवरील बले क्षणार्धात सांगते, त्यामुळे एरवी सामायिक संगणक-क्लस्टरच्या रांगेत दिवसेंदिवस अडकणारे काम टेबलावरच्या संगणकावर काही मिनिटांत उरकते.

सुरुवात क्लेझन पुनर्रचनेपासून, म्हणजे एकाच रेणूतले बंध तुटून-जुळून त्याची मांडणी बदलणाऱ्या अभिक्रियेपासून केली, कारण त्यातील अलाइल व्हिनाइल ईथरची प्रायोगिक सक्रियण ऊर्जा (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा), मोलमागे सुमारे ३०.६ किलोकॅलरी, पडताळणीसाठी हाताशी होती. नज्ड इलॅस्टिक बँड पद्धतीत अभिक्रियाकारक आणि उत्पादित यांच्यामध्ये रेणूच्या प्रतिमांची साखळी मांडतात. ती साखळी मॉडेलने खुर्चीच्या आकाराच्या संक्रमण अवस्थेतून, म्हणजे मार्गावरच्या ऊर्जेच्या शिखरातून, सुरळीत नेली. कार्बन-ऑक्सिजन बंध लांबत असतानाच दुसऱ्या टोकाचे दोन कार्बन जवळ येताना एकेका प्रतिमेत पाहणे, हा या साधनाचा मला सर्वाधिक भावलेला भाग आहे.

अडथळ्याच्या उंचीवर मात्र विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. प्रशिक्षणातील बहुतेक संरचना स्थिर रेणूंच्या आसपासच्या आहेत, आणि खोलीच्या तापमानाला सुमारे १.४ किलोकॅलरीची चूकही अभिक्रियेच्या वेगात दहापट फरक पाडते. सुदैवाने हे मॉडेल म्हणजे आठ नेटवर्कचा संच आहे. हायड्रोजन स्थलांतराच्या एका अभिक्रियेत टोकांच्या प्रतिमांवर आठांची उत्तरे जुळत होती, पण शिखराजवळ ती एकमेकांपासून दूर गेली. तेथेच सावध व्हायचे. म्हणून शिखरावरची प्रतिमा मी डीएफटीने पुन्हा शोधतो, तिची काल्पनिक वारंवारता (खऱ्या संक्रमण अवस्थेची खूण) एकच आहे ना हे तपासतो आणि मग दोन्ही बाजूंना उतरून मार्गाची खात्री करतो. सुरुवातीची रचना चांगली असल्याने हे महागडे काम लवकर आटोपते.

हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, गंधक आणि क्लोरिन एवढीच मूलद्रव्ये यात आहेत, आणि रेणूचा विद्युतभार सांगण्याची सोय नाही. औषधनिर्मितीतील सहकारी पॅलेडियमच्या उत्प्रेरकांविषयी विचारतात, तेव्हा मी स्पष्ट नकार देतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रान्झिशन१एक्स या संचात अभिक्रियामार्गांवरच्या संरचनांच्या सुमारे एक कोटी डीएफटी गणना आहेत; त्यावर मॉडेलचे पुढील प्रशिक्षण आता हाती घेतले आहे. त्या संचात गंधक नाही, त्यामुळे गंधकाच्या संयुगांसाठी शिखराची डीएफटी तपासणी पूर्वीसारखीच चालू राहील.