सातबाऱ्यावरची नावे ओळखणारे कार्यालय

दापोलीहून हर्णै, मुरुड आणि आंजर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ‘सी-व्ह्यू प्लॉट’, ‘बीच टच जमीन’ असे फलक जागोजागी दिसतात आणि त्यांवर बहुधा मोबाइल क्रमांकाखेरीज दुसरे काहीच नसते. त्यांतल्या एका फलकामागे मात्र खरोखरच कार्यालय आहे. जुन्या कौलारू घराच्या पडवीला काचा बसवून ते तयार केलेले असून वडील आणि मुलगा मिळून ते चालवतात. आमच्या शेतजमिनीच्या खरेदीचा व्यवहार याच कार्यालयामार्फत पूर्ण झाला. त्यांच्या कामाविषयी माझे मत एकंदरीत चांगले आहे. परंतु सर्वच गिऱ्हाइकांना मी तेथे जाण्याचा सल्ला देणार नाही.

कोकणातल्या जमिनीची खरी अडचण किमतीची नसून नावांची आहे. वीस-पंचवीस गुंठ्यांच्या आगराच्या (नारळी-पोफळीच्या बागेच्या) सातबाऱ्यावर डझनावारी सहहिस्सेदार असणे येथे नवलाचे नाही. त्यांतले काही दिवंगत, काहींची वारसनोंद झालेली नाही, काही मुंबईला किंवा पुण्याला, आणि एखाद्या आजोबांच्या नावापुढे अजूनही ‘ए. कु. मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचे मॅनेजर, अशी नोंद. त्यातच हिंदू वारसा कायद्यातील 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा मुलांइतकाच हक्क असल्यामुळे, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची सही किंवा हक्कसोड नसेल तर पुढे दावा उभा राहण्याची शक्यता असते. या कार्यालयातले काका सातबारा हातात घेतात आणि एकेका नावावर बोट ठेवून सांगतात की हे वारले, यांचा थोरला मुलगा डोंबिवलीला असतो, यांच्या दोन बहिणी गुहागरला दिल्या आहेत, आणि या दोन घरांत बोलणे नाही. संगणकावरून उतारा कोणालाही काढता येतो, पण ही माहिती कोणत्याही संकेतस्थळावर मिळत नाही. आम्ही दलाली दिली ती मुख्यतः या माहितीसाठीच, असे मला वाटते.

यामुळेच या कार्यालयाचे वर्ष गावाच्या सणांप्रमाणे चालते. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी घरी येतात, सगळे भाऊबंद एका पडवीत बसतात, आणि वर्षभर फोनवर न सुटलेला विषय त्या दिवसांत सुटतो किंवा कायमचा फिसकटतो. आमच्या विक्रेत्यांची बैठक गौरी-विसर्जनानंतर झाली. काकांनी आम्हाला मुद्दाम त्या बैठकीपासून दूर ठेवले आणि घेणारा समोर दिसला की प्रत्येक हिस्सेदाराच्या मनातला भाव वाढतो, असे कारण दिले. त्या वेळी हे वागणे मला खटकले होते, पण आता विचार करता ते योग्य वाटते. साठेखतावर (विक्रीच्या प्राथमिक करारावर) सर्व सह्या एकाच दिवशी झाल्या, ही किती मोठी गोष्ट आहे हे या भागात जमिनीचे व्यवहार केलेल्या माणसाला विशेष सांगावे लागणार नाही.

इतर दिवशी कार्यालयात गिऱ्हाईक कमी आणि गावकरी अधिक असतात. कोणी डिजिटल सही असलेला सातबारा काढायला येतो (शासनाचे शुल्क 15 रुपये आहे आणि मुलगा त्यावर फारसे काही घेत नाही), कोणाला ई-पीक पाहणीचे ॲप चालवता येत नाही, तर कोणी नुसतेच एसटी येईपर्यंत सावलीला बसतात. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव आटोपला की परतीच्या वाटेवरचे लोक डोकावतात आणि कोणत्या बोटीला काय मिळाले यावर चर्चा होते. आमच्या प्रश्नांच्या मध्येच ती चालू राहत असे. शहरातल्या वातानुकूलित कार्यालयाची सवय असलेल्यांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. मला मात्र बांधालगतच्या विहिरीवर शेजाऱ्यांची पूर्वापार वहिवाट आहे, ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट याच गप्पांमधून कळली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तिचा उल्लेख नव्हता.

जागा दाखवण्याची त्यांची पद्धत विशेष उल्लेखनीय आहे. बहुतेक एजंट नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत, शक्यतो सूर्यास्ताच्या सुमारास, जागा दाखवतात. या कार्यालयाने आम्हाला भर जुलैमध्ये पुन्हा बोलावले आणि पाऊस कोसळत असताना पऱ्याचे (ओढ्याचे) पाणी कोठून येते, कोणत्या गडग्याला (दगडी बांधाला) टक्कर देते आणि पाखाडीवरून (पायऱ्यांच्या वाटेवरून) वाहन नेण्याचा विचार का सोडून द्यावा, हे प्रत्यक्ष दाखवले. आम्हाला पसंत पडलेल्या पहिल्या जागेच्या निम्म्या भागातून पाणी वाहत होते. शिवाय, 3 जून 2020 रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात कोणत्या आगरातल्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि कोणत्या वाडीला डोंगराचा आडोसा मिळाला, याचीही त्यांना पक्की आठवण आहे. पोफळीला उत्पन्न यायला काही वर्षे लागत असल्यामुळे बागायत म्हणून विकल्या जाणाऱ्या जमिनीत आज नेमके काय उभे आहे, हे पाहूनच भाव करावा, असे त्यांनी स्वतःहून सुचवले.

किनारा नियमन क्षेत्राबाबतही ते सावध आहेत. मुरुडच्या किनाऱ्यावरील एका रिसॉर्टचे प्रकरण राज्यभर गाजल्यापासून या परिसरात ‘सीआरझेड’ हा शब्द सर्वांच्या तोंडी असला, तरी नियम नीट सांगणारे थोडेच आहेत. 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे, दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ते 50 मीटर आहे, आणि खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल ते धरले जाते. आंजर्ल्याला जोग नदीच्या खाडीलगतची एक सुंदर जागा आम्हाला आवडली होती. तेथे घर बांधता येईल, असे सांगून ती विकणे कार्यालयाला सहज शक्य होते. त्याऐवजी काकांनी नकाशा पसरला आणि येथे माड लावा, घराचा विचार करू नका, असे सांगितले.

मोजणीचा आग्रहही त्यांचाच. भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी होऊन ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती आल्यावर असे आढळले की गडगा प्रत्यक्ष हद्दीच्या बराच आत आहे आणि ताब्यातील क्षेत्र सातबाऱ्यापेक्षा कमी भरते. किंमत त्या प्रमाणात खाली आली, आणि दलाली टक्केवारीने असल्यामुळे त्यांचेही उत्पन्न घटले. तरीही मोजणीशिवाय खरेदीखत करू नका, या भूमिकेवरून ते हलले नाहीत.

माझ्या नावावर वडिलोपार्जित शेतजमीन असल्याने पात्रतेचा प्रश्न आला नाही; परंतु 1948 च्या कुळकायद्यातील कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, म्हणून तुम्ही शेतकरी आहात का, हे येथे पहिल्या भेटीतच विचारले जाते. आमच्यानंतर आलेल्या एका गृहस्थांना शेतकरी असल्याच्या ‘दाखल्याची व्यवस्था’ करून देण्यास काकांनी स्पष्ट नकार दिल्याचे मी ऐकले. जमीन कुळाने मिळवलेली असल्यास कलम 43 ची, म्हणजे परवानगीशिवाय न विकण्याची, अट लागू आहे का, हेही ते तपासतात. तुकडेबंदीच्या, म्हणजे ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडे विकण्यावरच्या बंदीच्या, बाबतीत मात्र त्यांचे बोलणे थोडे मोघम होते. 2023 च्या अधिसूचनेने जिरायतीचे प्रमाणभूत क्षेत्र 20 गुंठे आणि बागायतीचे 10 गुंठे ठरले, पुढेही सवलती येत गेल्या, आणि त्यांचा नेमका अर्थ आम्हाला अखेर वकिलाकडूनच समजून घ्यावा लागला.

उणिवाही कमी नाहीत. टोकनची रक्कम त्यांनी रोख मागितली आणि पावती साध्या पॅडवर देऊ केली. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई असल्याचे सांगितल्यावर ते धनादेशाला तयार झाले, परंतु हे गिऱ्हाइकाने सांगावे लागू नये. मुलगा मनमिळाऊ असला तरी रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचा नकाशा दाखवून भावाचे समर्थन करण्याची त्याला खोड आहे. बाणकोट खाडीवर वेशवी-बागमांडला फेरीबोटीचा आधार घेणाऱ्या माणसाने भावी पुलांचे पैसे आज का मोजावेत, या माझ्या प्रश्नावर त्याने कोकम सरबत मागवले. सर्वांत मोठी तक्रार खरेदीखतानंतरची आहे. दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवून दलाली पोहोचली, आणि त्यानंतर फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर आमचे नाव लागण्याच्या नोंदीचा, पाठपुरावा करण्यात त्यांचा उत्साह एकदम ओसरला. हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस निघाली की नाही, हे तलाठी कार्यालयात आम्हीच जाऊन विचारत राहिलो. ‘फेरफार होईपर्यंत सोबत’ असे त्यांच्या फलकावर लिहिलेले आहे. ते त्यांनी पाळावे किंवा पुसावे.

वडिलोपार्जित, सामायिक खात्याची शेतजमीन शोधणाऱ्यांनी या कार्यालयाकडे अवश्य जावे. मात्र मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून घ्यावा, कारण कार्यालयाचे वकील विक्रेत्यांचेही काम पाहतात. बिगरशेती प्लॉट किंवा तयार बंगला हवा असणाऱ्यांना येथे फारसा उपयोग होणार नाही. त्यांच्याकडे अशा योजनांची माहिती तुटपुंजी आहे. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा अधिक प्लॉटच्या योजनेला महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी लागत असल्याने विकासकाचा क्रमांक संकेतस्थळावर तपासून थेट त्याच्याशी बोलणे बरे.

दलाली दोन टक्के सांगतात. आमच्या व्यवहारात घासाघीस करून ती थोडी कमी झाली. कार्यालय दुपारी दीड ते चार बंद असते, आणि शिमग्यात पालखी गावात फिरते त्या दिवसांत तेथे कोणीही भेटत नाही. जाताना आठ-अ उतारा (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा), आधार आणि पॅन यांच्या प्रती बरोबर न्याव्यात, कारण जवळचे झेरॉक्सचे दुकान वीज गेली की बंद पडते.