आईच्या दाढेचं रूट कॅनाल आणि न मिळालेलं बिल

5 पैकी 1 तारा. तोही रिसेप्शनवरच्या मुलीला, कारण एक्स-रेची प्रत शेवटी तिनेच मोबाइलवर पाठवली.

दवाखाना नाशिकचा. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून नाव लिहीत नाही.

आई 68 वर्षांची. खालची डावी दाढ ठणकत होती. रूट कॅनालचे 6,500, झिरकोनिया (धातू नसलेल्या, पांढऱ्या) कॅपचे 11,000 आणि डीप क्लीनिंगचे 2,500, असे 20,000 सांगितले. तीन खेपांत यूपीआयने भरले. बिल मागितलं की, "ताई, शेवटच्या सिटिंगला एकदम देतो." शेवटच्या सिटिंगला हातात आलं ते व्हिजिटिंग कार्डामागे पेनाने लिहिलेलं 'पेड 20,000'. डीप क्लीनिंग तर झालंच नव्हतं.

चार महिन्यांनी गाल सुजला. दोनदा गोळ्या देऊन परत पाठवलं. मग आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे मोठा करून दाखवला. मुळाच्या टोकाशी, आत भरलेल्या सिमेंटपेक्षाही पांढरी, सुईसारखी बारीक रेघ होती. फाइलचा, म्हणजे दाढेची मुळं आतून साफ करायच्या बारीक हत्याराचा, तुटलेला तुकडा. ते म्हणाले, "फाइल चांगल्या हातूनही तुटते. पण तुटली तर पेशंटला सांगायचं असतं, केसपेपरवर लिहायचं असतं." कॅप काढली तर आतून चकचकीत धातू. पैसे झिरकोनियाचे, बसवली मेटल-सिरॅमिक! ती कॅप त्यांच्याकडून डबीत मागून घेतली. तुम्हीही घ्या, पुरावा असतो तो.

माझा भाऊ पोलिसांत जायला निघाला होता. पण सुप्रीम कोर्टाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा अतिशय गंभीर असावा लागतो. डेंटल कौन्सिलकडे तक्रार करता येते, तिथे डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई होऊ शकते. भरपाई मात्र तिथे मिळत नाही. भरपाईसाठी ग्राहक आयोग. पैसे घेऊन केलेले उपचार ही 'सेवा' आहे, हे 1995 पासून ठरलेलं आहे.

मी आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे हिंदीत समजावलं. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली आणि त्यानंतर ऑनलाइन तक्रार केली. सेवेसाठी आपण भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही, वकील नसला तरी चालतो, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत 2 वर्षांची, ती मात्र चुकवू नका. यूपीआयच्या नोंदी, ते व्हिजिटिंग कार्ड, दोन्ही एक्स-रे, दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत, सगळं जोडलं. डीप क्लीनिंगचे 2,500 वेगळे मांडले, कारण न केलेल्या कामाचे पैसे घेणं आणि उपचारातली चूक या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पक्कं बिल न देणं ही 2019 च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच आहे, तेही लिहिलं.

नोटीस पोचल्यावर दवाखान्यातून फोन आला होता. 20,000 परत देतो, फक्त 'काही तक्रार नाही' असं लिहून द्या. मी फोन आईकडे दिला. ती म्हणाली, "आधी माझं बिल द्या. आणि दाढेत काय राहिलं होतं, ते तुमच्या अक्षरात लिहून द्या."

अजून दिलेलं नाही.